पानिपत : शब्दातले आणि जमिनीवरचे

निवडणुकीत एखाद्या पक्षाचे ‘पानिपत होते’, परीक्षेत विद्यार्थ्यांचे होते. असे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर असलेले गाव क्वचितच असते. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ही रूढ लक्षणा होय. वाच्यार्थ मागे पडला आणि ‘सर्वनाश’ हा लक्ष्यार्थ तेवढा उरला. ‘विश्वास पानिपतच्या लढाईत मेला’ या म्हणीत तर विश्वासरावांचे नावही सामान्यनाम झाले. आपल्या शेजारच्या हिंदीभाषकास मात्र पानिपत म्हटले की चादरी आणि घोंगड्या आठवतात.

इंग्रजीतील ‘वॉटर्लू’ची येथे आठवण होणे साहजिक आहे. परंतु तेथे १८१५ साली जिंकलेल्यांनी हरलेल्या नेपोलियनच्या पराभवाचा वाक्प्रचार केला. मराठीने तो स्वतःच्या पराभवाचा केला. हा प्रांजळपणा आम्हांस मोलाचा वाटतो. तरीही या लक्ष्यार्थात एक उणीव आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ पडले. शिंद्यांच्या घरातील तुकोजी रणात पडले, जानकोजी पकडले जाऊन मारले गेले. महादजी मात्र जखमी होऊन, एका पायाने कायमचे अधू होऊन परतले. १७७१ साली मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये शाह आलम बादशहा त्यांच्याच आधाराने तेथे परतला. ‘पानिपत झाले’ म्हणताच वाक्य संपते. इतिहास तेथे संपला नव्हता.

वाङ्मयातही हा भेद दिसतो. त्र्यंबक शंकर शेजवलकरांच्या १९६१ च्या ग्रंथाचे नाव ‘पानिपत : १७६१’. शीर्षकातील साल शब्दाला पुन्हा जमिनीवर आणते. विश्वास पाटलांच्या १९८८ च्या कादंबरीस ‘पानिपत’ एवढेच नाव पुरले, कारण उरलेला अर्थ वाचकाच्या मनात आधीच होता. लक्षणेचे बळ ते हेच, आणि तिचा धोकाही हाच.

ग्वाल्हेरकरांपाशी या धोक्यावर उतारा आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी दिली. ती हलली नाही. तिचे शहर झाले आणि ‘लष्कर’ हे सामान्यनाम गावाचे विशेषनाम ठरले. पानिपत या शब्दाचा प्रवास नेमका उलट झाला. पहिल्या शब्दाने सांगितलेला सर्वनाश अक्षरशः खरा असता, तर दुसरा शब्द आपल्या पत्त्यावर आलाच नसता.

हा वाक्प्रचार टाकून द्यावा, असे आम्ही म्हणत नाही. भाषा कोणाच्या सांगण्यावरून शब्द टाकत नसते. परंतु नातवंडे घरात तो उच्चारतील तेव्हा त्यांना १७६१ बरोबर १७७१ हे सालही सांगावे. तेवढे काम आपल्या घरांनी करण्याजोगे आहे.