अविश्वसनीय निवेदक आणि वाचकाचा अपेक्षाभंग

पॉला हॉकिन्स यांच्या ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ (२०१५) या कादंबरीचा खप प्रचंड झाला. तरीही तिच्या शेवटाने निराशा केली, अशी तक्रार काही वाचकांनी केली. शेवट आधीच ओळखता आला, हे तक्रारीचे कारण पुरेसे नाही. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ (१९२६) मधील निवेदक डॉ. शेपर्ड हाच खुनी, हे ठाऊक असूनही ती कादंबरी पुन्हा वाचावीशी वाटते; कारण त्याने हेतुतः वगळलेल्या क्षणांचा अर्थ दुसऱ्या वाचनातच उलगडतो.

रेचेलचे तसे नाही. मद्यपानाने तिची स्मृती खंडित झाली आहे आणि पूर्वीच्या पतीने त्या पोकळीत खोट्या आठवणी भरल्या आहेत. वेन बूथ यांनी १९६१ साली निवेदकाची विश्वसनीयता कलाकृतीच्या मूल्यांशी असलेल्या त्याच्या सुसंगतीवरून ठरविली. या कसोटीवर रेचेल विस्मरणशील असली तरी वाचकाशी प्रामाणिकच ठरते. स्वतःवरील विश्वास हिरावला गेलेल्या स्त्रीचे चित्रण म्हणून कादंबरीचे मोल नाकारता येत नाही. परंतु स्मृती परतताच निवेदनातील संदिग्धता संपते व केवळ गुन्हेगाराची ओळख उरते. निवेदिकेवर संशय घेण्याचे श्रम वाचकाने केले. त्या संशयातून तिच्याविषयी नवे काही हाती लागले नाही. निराशेचे मूळ येथे आहे.