कल बदलला, की सांगणं बदललं?

माणसाचा लैंगिक कल उपचारानं बदलतो का, हा आजचा विषय. हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, असं कुणी म्हणेल. पण र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात मराठी वाचक समलिंगी संबंधांबद्दल प्रश्न विचारत आणि कर्वे उत्तरं देत. अशाच उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली कर्व्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी खटला हरला. म्हणजे ९० वर्षांपूर्वी प्रश्न आपल्याकडेही होता. उत्तर देणं हाच गुन्हा ठरला.

आता संशोधनाकडे येऊ. १९७३ साली अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशननं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. त्यात पुढाकार होता रॉबर्ट स्पिट्झर यांचा. त्याच स्पिट्झर यांनी २००३ मध्ये निबंध छापला की, ज्यांना मनापासून बदलायचं आहे अशा काहींचा कल बदलतो. २०० माणसं, त्यांत १४३ पुरुष आणि ५७ स्त्रिया. प्रत्येकाची फोनवर पाऊण तास मुलाखत. उपचाराआधी काय वाटायचं आणि आज काय वाटतं, दोन्ही त्याच एका फोनवर. तुलनेला दुसरा गट नाही. बरीच माणसं तर बदलाचा पुरस्कार करणाऱ्या संस्थांकडूनच आलेली. आपला शेतकरीसुद्धा नवं बियाणं शेजारच्या मालदांडीशी ताडून बघतो. इथं ताडायला काही नव्हतंच.

ती माणसं खोटं बोलली, असं आम्ही म्हणत नाही. पण ज्याच्या उत्तरावर त्याचं लग्न, घर आणि धर्मबांधव टिकून आहेत, तो स्वतःलाही तेच उत्तर सांगत असतो. बदललं ते सांगणं. कल बदलला की नाही, हे या पद्धतीनं कळूच शकत नाही. २०१२ साली स्पिट्झर यांनी ही त्रुटी मान्य केली आणि जाहीर माफी मागितली.

दुसरा धागा अटॅचमेंटचा. मराठीत त्याला आपण अनुबंध म्हणू. १९६२ साली आयर्विंग बीबर यांनी १०६ समलैंगिक पुरुषांचा अभ्यास मांडला: बाप दुरावलेला, आई अति जवळ, म्हणून मुलगा असा झाला. पण हे सगळे पुरुष मनोविश्लेषणाचे रुग्ण, आणि माहिती भरून दिली ती त्यांच्या विश्लेषकांनी! शिवाय बाप दूर म्हणून मुलगा वेगळा, की मुलगा वेगळा वाटला म्हणून बाप दूर गेला? हा उलटा क्रम तपासलाच नाही. पुढे कल बदलवू पाहणाऱ्या उपचारकांनी बापाशी अपुऱ्या राहिलेल्या नात्याची हीच भाषा उचलली. जॉन बोल्बी यांचा अनुबंध सिद्धान्त सांगतो तो मुलाला सुरक्षित आधार का लागतो हे. मोठेपणी ओढ कुणाची वाटेल, हा त्याचा विषयच नाही.

आमच्या मते, अनुबंधाचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. कॅटलिन रायन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये २२४ समलैंगिक आणि उभयलैंगिक तरुण-तरुणींचा अभ्यास छापला. ज्यांना घरच्यांनी किशोरवयात फार झिडकारलं, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता, कमी झिडकारलेल्यांच्या तुलनेत, ८.४ पट आढळली. स्पिट्झर यांना लावलेली कसोटी इथंही लावायला हवी. हीसुद्धा आठवणीतून दिलेली माहिती आहे, आणि संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नव्हे. मात्र इथं तुलना आहे. आणि दावा चुकीचा निघाला तरी नुकसान काय? घरच्यांनी मुलाला जरा जास्त जवळ केलं, एवढंच. तिकडचा दावा चुकला तर एखाद्याची कोवळी वर्षं त्यात जातात.

मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर, २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. चांगलं झालं. पण त्यानं डॉक्टरचा हात थांबतो. घरातलं दडपण थांबत नाही. मंगळवेढं हे गाव कान्होपात्रेचं. परंपरा सांगते की आईचा पेशाही तिनं नाकारला आणि बादशहाचं बोलावणंही. तिला काय हवं हे सगळे ठरवत होते. तिला विचारलं कुणीच नाही. मुलाला डॉक्टरकडे नेण्याआधी आईबापांनी एवढं तरी बघावं की, त्याला बदलायचं आहे, की आपल्याला गमवायची भीती वाटते आहे. ही भीती घालवणं त्यांच्याच हातात असतं.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.