चित्रामागचा आवाज

सांगोल्याच्या एका तरुण मुलीनें आपला बोलका ‘पोर्टफोलिओ’ अभिप्रायासाठीं आमच्याकडे धाडला आहे. व्हीट्यूबरांच्या एखाद्या संस्थेंत प्रवेश मिळावा म्हणून द्यावयाच्या ऑडिशनची ही तयारी होय. ज्यांना हा व्यवसाय ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगावयाचें तर, यांत पडद्यावर एक रेखाटलेलें पात्र असतें. मागें बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याची हालचाल कॅमेरा टिपतो आणि त्याबरहुकूम पात्राचे डोळे, ओठ व मान हलतात. माणूस स्वतः दिसत नाहीं. तो तासन् तास बोलतो, गातो, खेळ खेळतो, आणि प्रेक्षक जें लिहून धाडतील त्याला तेथल्या तेथें उत्तर देतो. जपानांत २०१६ च्या अखेरीस अवतरलेल्या किझुना आई या पात्रानें हा प्रकार रूढ केला. मागून ‘निजीसांजी’, ‘होलोलाइव्ह’ अशा संस्था उभ्या राहिल्या. निजीसांजीनें भारतांतहि शाखा काढून पाहिली, पण ती २०२१ सालींच मिटली. तेव्हां ही मुलगी ज्या दारावर थाप मारणार आहे तें दार परदेशांतलें आहे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

महाराष्ट्राला मात्र ही कल्पना दिसते तितकी परकी नाहीं. यशवंत पाध्ये यांनीं १९१६ सालीं जन्माला घातलेला अर्धवटराव पुढें रामदास पाध्ये यांनीं बोलता ठेवला. ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटांतील तात्या विंचू हा बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. आज कोणीहि तात्या विंचूची आठवण काढली कीं आधीं आवाज कानांत घुमतो, रूप मागून येतें. किझुना आईच्या बाबतींत तर याचा रोकडा पुरावाच मिळाला. २०१९ सालीं त्याच चित्राला निराळे आवाज देण्याचा प्रयोग झाला. केस तेच, डोळे तेच, पोशाखहि तोच. तरी चाहते बिथरले. चित्र आमचें, पण माणूस आमचें नव्हे, असा तो आक्षेप होता.

आतां प्रस्तुत कृतीकडे वळूं. पडद्यावर एक खोली आहे. मधोमध डाळिंबी केसांची, हिरव्या परकरांतली मुलगी उभी आहे. सांगोल्याच्या डाळिंबांची ही आठवण आम्हांला गोड वाटली, आणि रेखाटनहि स्वच्छ आहे. त्याविषयीं अधिक बोलण्याचें कारण नाहीं. कंदिलाला बोट लावलें कीं ती नमस्कार करते, वहीला लावलें कीं गोष्ट सांगते, आरशाला लावलें कीं क्रमानें हंसते, रुसते, रडते. नमस्कार जपानी, इंग्रजी आणि मराठी अशा तीन भाषांत आहे. यंत्रयोजना निर्दोष चालते. आणि तरीहि पहिलीं दहा मिनिटें आम्ही कंटाळलों.

कारण शोधूं लागलों तेव्हां तें आवाजांतच सांपडलें. मुलीचा गळा चांगला आहे, उच्चार स्पष्ट आहेत; परंतु तिनें बोलण्यांतून आपलें गांव खरवडून काढलें आहे. तिचें मराठी टेलिफोनवरील सूचनेसारखें गुळगुळीत आहे. इंग्रजी कोणा परदेशी पात्राचें ऐकून घोटलेलें आहे. प्रत्येक वाक्य शेवटीं तसेंच उंच चढतें. कंदिलाला आम्हीं पांच वेळां बोट लावलें, पांचहि वेळां तेंच स्वागत आणि तेंच हंसूं. कृतीला ‘बोलकी’ म्हटलें आहे, पण ती ऐकत नाहीं; आणि या धंद्यांत अर्धें कसब ऐकण्याचें आहे.

मग कोपऱ्यांतल्या माठाला सहज बोट लागलें. तेथें कांहीं खूण नव्हती. चुकलेलीं ध्वनिमुद्रणें तिनें गंमत म्हणून तेथें दडवून ठेविलीं असावींत. इंग्रजी वाक्याशीं झटतां झटतां ती अडखळते, क्षणभर थांबते, आणि म्हणते, “आगं बया, परत आडाकली का जीभ! थांब की, पुन्यांदा म्हंते.” मग स्वतःशींच खुदकन् हंसते. हीं वीस सेकंदें ऐकून आम्ही खुर्चींत सावरून बसलों. येथें कोणी तरी जिवंत होतें. आरशांतल्या घोटीव हंसण्यापेक्षां हें हंसूं शतपटीनें मोलाचें आहे, आणि कर्तीनें तेंच माठाआड लपविलें आहे!

लपविण्याला सबळ कारण असेल, हें आम्ही जाणतों. आमच्या नाटक-सिनेमांनीं खेडवळ बोलीला बहुधा विदूषकाचेंच काम दिलें. व्यंकटेश माडगूळकरांचें ‘माणदेशी माणसं’ १९४९ सालीं आलें तेव्हां त्या मुलखाच्या माणसांना गंभीर साहित्यांत मानाची जागा मिळाली. पण एका पुस्तकानें जनरीत पालटत नाहीं. जून २०२२ मध्यें सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील यांचें गुवाहाटीहून झालेलें फोनवरचें बोलणें बाहेर फुटलें, आणि ‘काय झाडी, काय डोंगार’ हे शब्द साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडीं झाले. त्यांत राजकारण होतें, उपहासहि होता. तथापि त्या ध्वनिफितींत चेहरा नव्हता, केवळ आवाज होता. आणि ठसकेबाज लयीनें तो आवाज घरोघर पोंचला, हें तर खरें? ज्या मुलीनें ती थट्टा कानांनीं ऐकली, तिनें आपला ‘डोंगार’ झांकून ठेवावा यांत नवल नाहीं. तिला भित्री म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाहीं.

परीक्षक परदेशी, त्यांना माणदेशी बोली काय कळणार, असा प्रश्न ती करील. बोली कळणार नाहीं. पण लय कळेल. अडखळल्यावर स्वतःला दटावण्याची तऱ्हा, वाक्य मध्येंच टाकून दुसरें उचलणें, हें इंग्रजींतहि तसेंच आणतां येईल. बोलीचें प्रदर्शन मांडा असें आमचें म्हणणें नाहीं. तसें केल्यास पुन्हां विदूषकच उभा राहील. बोलतांना पहारा उठवावा, एवढेंच.

कांहीं बारीक सूचना. माठांतील तुकडा दर्शनीं आणावा. तीन नमस्कारांपैकीं जपानी गाळावा. त्या भाषेंत पुढचा प्रश्न आला तर उत्तर देतां येणार नसेल, तर आरंभीं आव आणण्यांत लाभ नाहीं. कापाकापी न केलेलें, सलग अर्ध्या तासाचें बोलणें एका ठिकाणीं ठेवावें. मैत्रिणीला वाटेल ते प्रश्न विचारावयास सांगून तें मुद्रित करावें. ऑडिशनला जें पाहावयाचें असतें तें त्यांतच दिसेल. पार्श्वसंगीत निम्म्यानें उतरवावें. खोलीवर पत्रा असावा, कारण आवाज घुमतो. भिंतींना दोन-तीन वाकळा टांगल्या तर पुष्कळ काम होईल. ‘प’ आणि ‘फ’ उच्चारतांना श्वास माइकवर आदळतो, यास्तव माइक तोंडासमोर न धरतां किंचित् बाजूला धरावा. गाणें एकच असावें. दुसरें तिच्या गळ्याच्या पट्टींतलें नाहीं.

आणि शेवटच्या पाटीवर तिनें आपलें खरें नांव, घरचा पत्ता व फोन क्रमांक सुवाच्य अक्षरांत लिहिला आहे. तो मजकूर आजच काढावा. संस्थेला जें कळवावयाचें तें अर्जांत कळवावें. पोर्टफोलिओ कोणाकोणाच्या हातीं पडेल याचा नेम नसतो.