यंत्राने न विचारलेली जात

‘आमचे यंत्र कुणाची जात विचारत नाही, मग ते भेदभाव करील कसे?’ नोकरभरतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणणाऱ्यांचा हा युक्तिवाद. जात विचारली नाही म्हणजे जात संपली, हा प्रस्थापितांचा समज जुनाच आहे. आता तो यंत्राच्या तोंडून वदवला जातो, एवढेच नवे. कंपनीच्या पगारावरील वकिलाने या समजाखाली आपली सही करावी काय, हा खरा प्रश्न आहे.

सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ सालचा अभ्यास आठवावा. खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले गेले. पात्रता तुल्य असूनही दलित आडनावांना बोलावणी कमी आली. ते निवाडे माणसांचे होते. यंत्र शिकते ते अशाच निवाड्यांच्या दप्तरावर.

अॅमेझॉनने बनवलेल्या एका भरती-यंत्राची हकीकत २०१८ साली उघड झाली. कंपनीकडे दहा वर्षांत आलेले अर्ज त्याला शिकवले होते, आणि ते बहुतांशी पुरुषांचे होते. यंत्राने स्त्रियांच्या संस्थांचा उल्लेख असलेले अर्ज खाली ढकलले. दोन महिला महाविद्यालयांच्या पदवीधरांचे गुण कापले. कंपनीला तो प्रयोग गुंडाळावा लागला. मग बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयाचे नाव अर्जावर दिसताच यंत्र काय करील? आडनाव खोडले तरी वस्तीचा पत्ता उरतो, गावची शाळा उरते, शिष्यवृत्तीचा उल्लेख उरतो. जात पुसायची तर माणसाचे सारे चरित्रच पुसावे लागेल!

अमेरिकेत ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या १९७१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हेतू शुद्ध असला तरी पुरेसे नाही. कामाशी संबंध नसलेल्या अटीने काळ्या कामगारांची वाट अडत असेल तर ती बेकायदा. २०२५ साली तिथल्या सरकारने या तत्त्वाच्या अंमलबजावणीतून अंग काढून घेतले. पण कायदा शाबूत आहे. डेरेक मोब्ली या कृष्णवर्णीय अर्जदाराने वर्कडे कंपनीच्या भरती-प्रणालीविरुद्ध दावा लावला. त्यातील आरोप सिद्ध व्हायचे आहेत. तरी प्रणाली पुरवणाराही मालकाचा हस्तक म्हणून जबाबदार ठरू शकतो, असे म्हणून २०२४ साली न्यायालयाने दावा पुढे चालू दिला.

आपल्याकडे काय? राज्यघटनेचे सोळावे कलम सरकारी नोकरीपुरते. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा नोकरीतील अस्पृश्यतेला गुन्हा मानतो. पण गुन्ह्याला गुन्हेगार दाखवावा लागतो. यंत्राला कोणत्या पिंजऱ्यात उभे करणार? खाजगी भरतीतील जातिभेद परिणामावरून ओळखणारा कायदा आपल्याकडे नाही.

म्हणूनच कंपनीच्या वकिलाची जबाबदारी मोठी आहे. तो मालकाचा नोकर आहे, हे खरे. पण करारावर सही होण्यापूर्वी प्रश्न विचारण्याची जागाही त्याचीच. यंत्र कोणत्या नोंदींवर शिकले? कोणत्या समाजाचे किती अर्ज गळाले? नकारानंतर माणसाकडे दाद मागता येईल काय? नुकसान झाल्यास भरपाई कोणाची? न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून अशा यंत्रांची वार्षिक तपासणी सक्तीची आहे; पण तिच्यात वंश आणि लिंग मोजतात, जात नाही. ज्याचा रकानाच नाही, त्याचा अन्याय दिसणार कसा? अर्थात जातीची नोंद भरती करणाऱ्याच्याच हाती पडली तर तीच हत्यार होईल. ती स्वेच्छेने घेतलेली, वेगळ्या ताब्यात ठेवलेली आणि केवळ तपासणीसाठी वापरलेली असावी, हे लिहून घेणेही वकिलाचेच काम.

कंपन्यांचा आवडता शब्द ‘डायव्हर्सिटी’. वैविध्य म्हणजे फुलदाणीतली रंगीबेरंगी फुले. समता म्हणजे बागेच्या मालकीचा प्रश्न. पहिल्यावर समाधान मानणारा वकील दुसऱ्याकडे पाठ फिरवतो.

माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. मला नाकारणाऱ्यांचे चेहरे मी पाहिले होते. त्यांच्याशी भांडता येत होते. माझा विद्यार्थी रात्री अकराला अर्ज पाठवतो, सव्वाअकराला नकार येतो. त्याने भांडायचे कोणाशी? आपली जी मुले आज कायदा शिकून कंपन्यांच्या विधी विभागांत शिरत आहेत, त्यांनी हा प्रश्न बरोबर न्यावा. सही करण्यापूर्वी.