यंत्राची साथ

बेसगिटार हें साथीचें वाद्य. त्यानें स्वतःचीच साथ कशी करावी? ‘वेदर रिपोर्ट’च्या ‘८:३०’ (१९७९) या ध्वनिमुद्रिकेंतील ‘स्लँग’मध्यें अमेरिकन वादक जॅको पास्टोरिअस यानें एक लहानशी चाल यंत्रांत धरून फिरती ठेवली, आणि तिच्यावर तो मोकळेपणीं वाजवूं लागला. तबल्याच्या लेहऱ्याची आठवण व्हावी! परंतु लेहरा धरणारा ऐकत असतो. यंत्र चुकलेली मात्राहि इमानानें परत करतें. त्या यंत्राची स्मृति कांहीं क्षणांचीच, म्हणून संयम आपोआप राहिला. आजचीं लूप-पेडलें मिनिटेंच्या मिनिटें सांठवितात. खर्जावर खर्ज चढून नुसती घरघर उरते. तेव्हां पेडल घेतांना सांठा किती याहून, चढविलेला थर पायानें झटकन पुसतां येतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. संयम मात्र वादकानेंच आणावयाचा. तो विकत मिळत नाहीं.