‘गॉल’ : कॅमेऱ्याला काय दिसतं?

८ फेब्रुवारी १९७४ला हल बंदराचा ‘गॉल’ हा ब्रिटिश मच्छीमार ट्रॉलर बॅरेंट्स समुद्रात ३६ जणांसह बुडाला. मदतीची हाक कुणालाच ऐकू आली नव्हती. शीतयुद्धाचा काळ, त्यामुळे हेरगिरीची कहाणी पसरली.

१९९७मध्ये माहितीपटकार नॉर्मन फेंटन यांच्या चमूने सुमारे २८० मीटर खोल, गार पाण्यात कॅमेरा सोडून बोट शोधली. २३ वर्षांनी! हे श्रेय त्यांचंच. पण अशा शोधकथांवर माझा एक आक्षेप आहे: तळाशी पोचलं की सत्य हाती लागतं, असं त्या आपल्याला भासवतात.

पुढे २००२मध्ये यंत्राने पुन्हा पाहणी झाली. २००४च्या चौकशी अहवालाने हेरगिरी नाकारली. मासळीचा कचरा टाकायच्या वाटा उघड्या राहून पाणी आत शिरलं, असा निष्कर्ष काढला. नातेवाईक दुखावले, कारण यात दोष मेलेल्या खलाशांवर येत होता.

क्रॅश झाल्यावर सिस्टीम कोणत्या अवस्थेत आहे, ते दिसतं. तिथवर ती कशी पोचली, ते त्यातून कळेलच असं नाही. कॅमेऱ्याला उघडं झाकण दिसतं. ते निष्काळजीपणामुळे उघडं होतं, बिघाडामुळे की लाटेमुळे, हे त्या चित्रात नसतं. रहस्यकथेने हेर शोधला, अहवालाने झाकण. चांगली समीक्षा दोघांनाही विचारेल: चित्रात दिसलं किती आणि तुम्ही जोडलं किती?