आशय, घाट आणि गोळी

आजवर आम्ही कवितासंग्रहांवर लिहिले, नाटकांवर लिहिले. पण कागदी वस्तूची समीक्षा करण्याची पाळी गेल्या नाताळात प्रथमच आली. शेजारच्या मावशींनी छावणीतल्या चर्चच्या संडे स्कूलसाठी चाळीस गोळीदाण्या करायला घेतल्या होत्या. (अत्तरदाणी, फुलदाणी, तशी गोळीदाणी. शब्द आमचा आहे; आवडला नाही तर परत घेऊ.)

वस्तू अशी : जाड कागदाचा सांताक्लॉज, त्याच्या दाढीत दोन चिरा आणि चिरांत ओवलेली गोळी, म्हणजे छत्रीच्या मुठीसारखी वाकलेली पेपरमिंटची कांडी. थोडक्यात, आशय एक गोळी आणि घाट वीतभर. पुष्कळशा कवितासंग्रहांत प्रमाण हेच असते.

कापायचे काम यंत्राकडे होते. संगणकावर चित्र निवडायचे, कागद चिकट चटईवर डकवायचा आणि आत सरकवायचा. इवलेसे पाते डावी-उजवीकडे धावते, रूळ कागद मागे-पुढे करतात. दोन्ही मिळून हवी ती गोलाई निघते. दाढीचा एकेक कुरळा असा सुटला की आमच्या न्हाव्याने हातातला वस्तरा खाली ठेवला असता.

इथे गप्प बसलो असतो तर समीक्षक कसले! "मावशी, सांता परका असेना, कागद तरी आपला असू द्या!" असे म्हणून आम्ही कागजीपुऱ्याचा कागद आणला. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरचे हे हातकागदाचे जुने गाव. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादेला आणली. पुढे राजधानी परत गेली. तिच्याबरोबर आलेले कागदी मात्र इथेच राहिले, असे सांगतात.

कागद सुरेख होता. कुठे जाड, कुठे पातळ, मधूनच एखादा धागा. यंत्राला नेमके तेच झेपेना. पात्याची खोली एकदा ठरली की ठरली! जाड जागी चीर अर्धवट राहिली, पातळ जागी कागद फाटला, धागा लागला की पाते त्याला फरफटत नेई. पहिल्या सांताची दाढी उपटली गेली, दुसऱ्याचे नाक. खोली वाढवली, तर चटईच कापली गेली.

"राहू दे रे बाबा, कात्री आण," मावशी म्हणाल्या.

कात्रीने त्या सहज कापत गेल्या. जाड आले की हात जोर करी, धागा आला की थांबे. बघता बघता आम्हांला एका नवख्या कवीचा संग्रह आठवला. तोही असाच होता. कुठे जाड, कुठे पातळ, मधूनच अस्सल धागा. आम्ही मात्र नेहमीच्या खोलीवर पाते लावून मोकळे झालो होतो. त्या कवीचा दुसरा संग्रह काही आमच्या पाहण्यात आला नाही. चूक यंत्राची म्हणावी, तर ते बिचारे कागदावर अभिप्राय तरी देत नाही.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी एक चिमुरडी कात्रीने कापलेली गोळीदाणी घेऊन मावशींच्या दारात उभी. चिरा वाकड्या, चांगल्या रुंद झालेल्या.

"आजी, हिच्यात अजून एक मावते."

एवढी नेमकी समीक्षा आम्हांला अजून जमलेली नाही.